सकाळी पीठ सांडलं म्हणून संध्याकाळी बाग बंद: सव्वाचार वर्षांच्या मुलीला यातून काय कळतं?

जाईचा_मांडव (धागाकर्ती)

लेक सव्वाचार वर्षांची आहे. घरातला नियम असा की हात उगारायचा नाही आणि शक्यतो ओरडायचं नाही. ('शक्यतो' नवऱ्याच्या आग्रहावरून घातलंय.) त्याऐवजी हल्ली सगळीकडे ऐकतो तेच करतो, कॉन्सिक्वेन्स. जे केलंस त्याचा परिणाम तू भोग.

सोमवारी सकाळी मी फोनवर होते. तेवढ्यात हिने खालच्या फळीवरचा नाचणीच्या पिठाचा डबा ओढून काढला, पीठ ओट्याखाली ओतलं आणि दोन्ही हातांनी त्यात लाटा काढत बसली. समुद्र केला होता म्हणे. मग तशाच पायांनी हॉलमधून सोफ्यावर. मी आवाज अजिबात न चढवता सांगितलं, "तू पीठ सांडलंस, म्हणून आज संध्याकाळी बागेत जायचं नाही." ती "बरं" म्हणाली आणि विचारलं, "होडी कशाची करू?"

संध्याकाळी सहाला बाई दारात हजर, चपला उलटसुलट पायांत. मी सकाळची आठवण करून दिली. ती जी रडायला लागली, जणू मी मागून येऊन धपाटा घातला. तिच्यासाठी 'काल' म्हणजे गेल्या दिवाळीपासून आज सकाळपर्यंत काहीही. त्या पिठाचं तिला काय राहिलं असणार? शेवटी सासूबाई "दूध आणायला" म्हणून तिला खाली घेऊन गेल्या आणि पाऊण तासाने आल्या. दूध होतं. लेकीच्या केसांत वाळूही होती.

तर माझं मत असं झालंय की पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्यांनी ठरवलेला, काही तासांनी अमलात येणारा 'परिणाम' म्हणजे इस्त्री केलेली शिक्षाच. नवऱ्याचं म्हणणं, सातत्य ठेवलं की कळतं. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा

असहमत. चूक पद्धतीची नाही, अंमलबजावणीची आहे. परिणाम आधी सांगायचा असतो, तुम्ही नंतर शोधून काढलात. माझी जुळी मुलं पाच वर्षांची आहेत. टॅबचा गजर वाजला की टॅब कपाटात. नाही ठेवला तर उद्या टॅब नाही. पहिले चार दिवस घरात तमाशा होता, आता गजर वाजला की दोघं एकमेकांना "ठेव ठेव" करतात.

आणि राग मानू नका, पण मुलीला परिणाम बरोब्बर कळला. आई बोलते, आजी सोडवते.

जाईचा_मांडव

शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. फार खूश झालाय. सासूबाईंना दाखवायची हिंमत नाही.

पण टॅबचं उदाहरण वेगळं आहे ना? टॅबचा परिणाम टॅबच. माझ्याकडे पिठाचा परिणाम घसरगुंडी होता.

वाड्याचा_कोपरा

एक धपाटा, दोन मिनिटांत विषय संपला असता. आम्ही चार भावंडं वडिलांच्या पट्ट्याखाली वाढलो. काय बिघडलं आमचं?

चिंचेचा_कोळ

हे घरच्यांना विचारून मग लिहा.

गोतेनबर्गकर

वाड्याचा_कोपरा, मी राहतो त्या देशात हा वाद १९७९ मध्येच संपवला. पालकांनीही मुलांवर हात उचलायचा नाही, त्यांना अपमानास्पद वागवायचं नाही, असा कायदा करणारा स्वीडन पहिला देश. गंमत म्हणजे त्या कलमाला स्वतःची वेगळी शिक्षा जोडलेली नाही. खरी मारहाण झाली तर नेहमीचा फौजदारी कायदा आहेच. लोकांपर्यंत पोचावा म्हणून तेव्हा दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली होती, म्हणजे सकाळच्या टेबलावर मुलांच्याच डोळ्यांसमोर.

पण धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर इथेही तयार नाही. मारायचं नाही हे ठरलं, मग करायचं काय यावर इथले आईबापही आमच्यासारखेच चाचपडतात. उणे दहा तापमानात मुलगा हातमोजे घालणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नको घालूस, आणि मोजे खिशात घेतले. कोपऱ्यापर्यंत जाईतो स्वतःच मागितले. तिथे मला बोलावंच लागलं नाही.

चिंचेचा_कोळ

थंडीत तुमचं जमलं. डोंबिवलीत स्वेटर न घालण्याचा नैसर्गिक परिणाम म्हणजे बरं वाटणं.

समासातली_टीप

'परिणाम' हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरताहेत, म्हणून गोंधळ होतोय. व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे शिकागोत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी यात दोन कप्पे केले. एक नैसर्गिक, म्हणजे मोजे नाहीत तर हात गारठणार. दुसरा तर्कसंगत. तो मोठ्यांनीच ठरवलेला असतो, पण कृतीशी जोडलेला. सांडलंस तर पूस. पीठ आणि बाग यांच्यात असा कुठलाच धागा नाही, म्हणून ती शिक्षा. आणि धागा असला तरी तो रागाने, 'बघ कशी जिरली' अशा सुरात वापरला की तीही शिक्षाच होते, हे ड्रायकर्सही सांगत.

मूळ कल्पना मात्र फार जुनी आहे. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ च्या 'एमिल' या पुस्तकात लिहिलंय की मुलाने आपल्या खोलीची खिडकी फोडली तर लगेच दुरुस्त करू नका, रात्रंदिवस वारा लागू दे, सर्दी झाली तरी चालेल. हा भाग सगळे सांगतात. पुढचा सांगत नाहीत. काच बसवल्यावर त्याने पुन्हा फोडली तर? तर त्याला बिनखिडकीच्या अंधाऱ्या जागेत कोंडा! म्हणजे नैसर्गिक परिणामाचा आद्य पुरस्कर्ता दुसऱ्याच काचेला कोंडण्यावर आला. आपण सोमवारी सकाळी कुठे टिकणार?

वाड्याचा_कोपरा

स्वतःची पाचही मुलं अनाथालयात ठेवणाऱ्या माणसाकडून बालसंगोपन शिकायचं का?

समासातली_टीप

हे मान्य. :)

आठ_सातची_लोकल

सगळं वाचलं. एक विचारू? नैसर्गिक परिणामाला जो वेळ लागतो तो तुम्ही आणता कुठून? मला ८:०७ पकडायची असते. मुलगा साडेतीन वर्षांचा, एक बूट घालून दुसरा लपवतो. थांबले तर त्याचा काहीच परिणाम होत नाही, त्याला आनंदच होतो, आई घरी राहिली. परिणाम होतो माझा, लेटमार्क. त्याला तसाच कडेवर घेऊन, बूट पर्समध्ये टाकून पाळणाघरात सोडते. कधी धपाटाही घातलाय, इथे कबूल करते. नंतर ट्रेनमध्ये दाराशी उभी राहून घाटकोपरपर्यंत वाईट वाटतं.

शांत आवाजात परिणाम समजावणं ही मोकळ्या सकाळींची गोष्ट आहे.

खडूफळा

तुमचं म्हणणं पोचलं. आमच्याकडे आदल्या रात्री बूट दाराशी ठेवतात आणि 'डावा आधी की उजवा' एवढंच मुलांना ठरवू देतो. रोज चालतं असं नाही.

आठ_सातची_लोकल

डावा आधी. नोंद केली.

पाड्यावरची_बाई

डहाणूकडच्या बालवाडीत सव्वीस वर्षं काम केलं, म्हणून लिहिते. आमच्या भागात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. त्या परंपरेत शिक्षाही नाही आणि बक्षीसही नाही. बक्षीस नाही हे पालकांना पटवणं जास्त जड गेलं मला. शिक्षा नाही म्हटलं तर हसायचे, बक्षीस नाही म्हटलं की नाराज.

पाणी ओतायचा खेळ आम्ही काचेच्या लहान पेल्यांनी घेत असू. नवीन बाई घाबरायच्या, प्लास्टिकचे द्या म्हणायच्या. पण प्लास्टिकचा पेला पडला तर काहीच होत नाही, म्हणून मूल तो कसाही धरतं. काचेचा दोन्ही हातांनी धरतं. सांडलं तर मुलाच्या हाताला लागेल अशा खिळ्यावर फडकं. फुटलं तर मुलांनी मागे सरायचं, काचा बाई उचलणार. कोणी "बघ काय केलंस" म्हणायचं नाही, एवढं एकच बाईंना पाळायचं असे आणि तेच सगळ्यात अवघड.

तुमच्या सोमवारी फडकं कुठे होतं? वरच्या दांडीवर असणार.

खडूफळा

बाई, आदर आहे, पण बालवाडीत सगळं मुलांच्या मापाचं असतं आणि घरात पेटता गॅस असतो. दात न घासण्याचा नैसर्गिक परिणाम सहा महिन्यांनी डेंटिस्टच्या खुर्चीत दिसतो. रस्त्यावर हात सोडण्याचा तर बघायचाच नाही. अशा ठिकाणी मोठ्यांनी जोडलेला, थोडा कृत्रिम परिणाम लागतोच. हात सोडलास तर आता बाबागाडीत बसायचं. कळलं नाही तरी चालेल, सवय लागू दे.

पाड्यावरची_बाई

रस्त्यावर परिणाम नको, हात धरा. कळण्याची वाट बघायची जागाच नाही ती. दात मात्र तुम्हीच घासून द्या अजून दोनतीन वर्षं, हे वय एकट्याने नीट घासण्याचं नाही.

जेवणाचा विषय कोणी काढला नाही म्हणून सांगते. "जेवली नाहीस तर उपाशी झोप" याला कृपा करून परिणाम म्हणू नका.

चिंचेचा_कोळ

आमच्याकडे याला आजी म्हणतात. रात्री दहाला दूधपोळी घेऊन येते.

जाईचा_मांडव

अपडेट. बुधवारी मी छोटी केरसुणी आणि सुपली आणली, खालच्या खुंटीला फडकं लावलं. गुरुवारी तिने मुरमुरे सांडले. मी काही बोलले नाही, फक्त खुंटीकडे बघितलं. तिने झाडलं. अर्धे मुरमुरे फ्रिजखाली गेले, पण झाडलं. मी आत जाऊन नवऱ्याला मेसेज केला, "जमलं!!"

आज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून गेले, तर नाचणीचा डबा पुन्हा रिकामा आणि बाई केरसुणी घेऊन तयार. "आई, बघ, मी झाडते." झाडता यावं म्हणून सांडलंय! आता या परिणामाचं काय करू?

पाड्यावरची_बाई

डबा वरच्या फळीवर ठेवा. आणि तिला मुरमुरे द्या झाडायला.

वाड्याचा_कोपरा

मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

जाईचा_मांडव

तुम्ही धपाटा सांगितला होतात, फळी नाही.