पाठ होती लहानपणीच, कळली मोठेपणी: स्वातंत्र्याच्या कविता आणि आपण

मुरारची लेक
काल लेकीला मागे बसवून फूलबागेवरून येत होते. झाशीच्या राणीच्या समाधीपाशी बलिदान मेळ्याची तयारी चाललीये. ती एकदम म्हणाली, "आई, तुझी ती हात वर करून म्हणायची कविता इथलीच ना?"

भा. रा. तांब्यांची. 'रे हिंदबांधवा, थांब या स्थळी, अश्रु दोन ढाळी'. राणी पडली ती इथेच ग्वाल्हेरला, १८५८ च्या जूनमध्ये, आणि तांबे इथले राजकवी. त्यामुळे आम्हाला ती घरचीच वाटायची. पाचवीत स्पर्धेला म्हटली. बाईंनी बसवून घेतली होती, 'थांब'ला उजवा हात वर, 'अश्रु'ला बोट डोळ्याशी. बक्षिसाची स्टीलची वाटी अजून आहे.

वीस वर्षांची होते तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला. त्यांचा छोटा छापखाना, बिलबुकं, लग्नपत्रिका वगैरे. उधारी सगळी दाल बाजारात अडकलेली. काका म्हणाले, पोरीला कुठे पाठवता वसुलीला. आईने एक शब्द न बोलता उधारीची वही माझ्या पिशवीत टाकली.

तीन दुकानांत तेच, "बाबूजी को भेजना". चौथ्या सेठजींनी ३४० रुपये मोजून समोर ठेवले. पावतीवर मी सवयीने बाबांचं नाव लिहायला घेतलं, तर म्हणाले, "बिटिया, पैसे तुम ले जा रही हो तो नाम भी तुम्हारा." लिहिलं.

सायकलवरून मुरारला परत येताना समाधीपाशी उतरले. 'थांब या स्थळी' शेकडो वेळा म्हटलं असेन, पण थांबले त्या दिवशी पहिल्यांदा. अंगठ्याला कार्बनची निळी शाई लागलेली. रडू आलं नाही. पैसे परत एकदा मोजले आणि घरी गेले.

लेक शनिवारी पुण्याला चाललीये, पहिली नोकरी. म्हणून हे सगळं वर आलं. तुमचंही सांगा ना.

लष्करवाला
ताई, अंगावर काटा आला. दाल बाजारात माझ्या आजोबांचीही आडत होती. ते चौथे दुकान कोणत्या बाजूला?

मुरारची लेक
आता नाही हो ते. कोपऱ्यावर होतं, बाहेर गुळाच्या भेल्या रचलेल्या असायच्या.

हॉस्टेल रूम ११
माझी उलटी गोष्ट. 'ने मजसी ने' शाळेत म्हणायचो तेव्हा वाटायचं, समुद्राला काय एवढं विनवायचं. मग २००४ मध्ये पुण्याला आले, हट्टाने, घरी तीन दिवस न जेवता. पहिल्या महिन्यातच एका रात्री कोणीतरी मोबाईलवर तेच गाणं लावलं आणि मी चादर तोंडात कोंबून रडले. सावरकरांनी ते १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलं, हे माहीत होतं. पण हवं म्हणून मिळवलेलं मोकळेपण इतकं जड असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी स्टेशनवर गेले. ग्वाल्हेरकडे जाणारी गाडी लागलेली होती. ती सुटेपर्यंत बाकावर बसले आणि मग कॉलेजला गेले.

ताई, लेकीला पहिले दोन महिने रोज फोन करा. नाही म्हणाली तरी.

घरातला थोरला
मला यातलं काही झालं नाही. सतराव्या वर्षी दुकानात बसलो, मागे दोन बहिणी. स्वतंत्र कधी झालो कोणी विचारलं तर उत्तर नाही माझ्याकडे. मोठेपण म्हणजे स्वातंत्र्य असं सगळे धरूनच का चालता?

कविता नाही, किल्ल्यावरच्या गुरुद्वाऱ्याची गोष्ट सांगतो. दाता बंदी छोड. जहांगीराने गुरु हरगोबिंदांना किल्ल्यात कैद केलं होतं. सुटका झाली तेव्हा ते एकटे बाहेर यायला तयार नव्हते. जे अंगरखा धरतील तेवढ्यांना सोडू असं ठरलं, तर त्यांनी झुबक्यांचा अंगरखा शिवून घेतला आणि ५२ राजे धरून बाहेर आले. धाकटीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी तिने माझा कुर्ता मागून घट्ट धरला होता, सोडेचना. तेव्हा मला ते राजे आठवले. दोघी सुखात आहेत.

हॉस्टेल रूम ११
दादा 🙏

लष्करवाला
दादा, हे सगळ्यात भारी. मी तर 'तुतारी' कवितेवाला. अकरावीत आजोबांच्या तोंडावर केशवसुत फेकले, 'जुने जाऊ द्या मरणालागुनि', कारण काय तर आडतीवर बसायचं नाही. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उशीखाली कॉलेजच्या फॉर्मचे पैसे ठेवलेले. आज ती ओळ ऐकली की मान खाली जाते.

सुट्टीत ग्वाल्हेर
कोणी पुढच्या आठवड्यात इकडे येतंय का? गजक हवी होती.

लष्करवाला
जूनमध्ये गजक? थंडीत या, चार डबे देतो.

नातवाचा फोन
मी पंच्याहत्तर वर्षांची आहे, चुका सांभाळून घ्या. आम्हाला तांबे म्हणजे 'नववधू प्रिया मी बावरते'. एकोणिसाव्या वर्षी सासरी आले तेव्हा जावा तेच गाणं म्हणून चिडवायच्या. झाशीवाली त्यांचीच हे आत्ता कळलं. हे गेल्यावर बँकेत पहिल्यांदा एकटी गेले, मशीनमध्ये कार्ड घालताना हात थरथरत होता. पाचशेच्या दोन नोटा आल्या. त्यातून स्वतःसाठी चप्पल घेतली, कोणाला न विचारता, लाल रंगाची.

घरातला थोरला
काकू, लाल चपलेचा फोटो टाका.

तीन चाकं
उशिरा लिहितोय. माझा भाऊ पोलिओचा. शाळेत त्याला 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले' म्हणायला उभं केलं की मुलं हसायची. आमच्या मराठीच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं, हे लिहिणारे नाशिकचे कवी गोविंद, त्यांचे दोन्ही पाय अधू होते. वर्ग गप्प झाला. भावाने पुढे स्कूटरला दोन जादा चाकं लावून घेतली, लायसन्स काढलं. पहिल्या दिवशी सकाळी सातला निघाला तो रात्री नऊला घरी. आई दारात उभी. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, कुठेच नाही, नुसता फिरत होतो.

मुरारची लेक
सगळ्यांचं वाचतेय, उत्तर द्यायला जमत नाहीये, इथे बॅगा भरणं चाललंय. थोरले दादा, तुमचा अंगरखा लेकीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. आत जाऊन ती स्टीलची वाटी घेऊन आली आणि कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली. न विचारता.