वारसा यादीतला वाडा: दुरुस्तीला सरकारी मदत मिळते का?

पेठकर
मंगळवार पेठेतला दुमजली लाकडी वाडा महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये आहे. मागच्या सोप्याची भिंत फुगली आहे, दोन खांब तळाशी कुजलेत. सहहिस्सेदार पाच, शिवाय एक जुना भाडेकरू. अनुदान मिळेल का? मिस्त्री सिमेंटचा गिलावा सुचवतोय.

नकाशावाला
रोख अनुदान गृहीत धरून अंदाजपत्रक करू नका. राज्याचं पुरातत्त्व खातं १९६० च्या कायद्याखालच्या संरक्षित स्मारकांकडे बघतं. पालिकेची यादी १९६६ च्या नगररचना कायद्याखालची. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींसाठी आहे.

मागण्यासारख्या गोष्टी दोन. एक, हेरिटेज टीडीआर, म्हणजे वाड्याच्या न वापरलेल्या चटईक्षेत्राचा (बांधकाम हक्काचा) दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा हक्क. तो आयुक्तांनी मंजूर केला तरी वाडा जपायची जबाबदारी राहतेच. दुसरी, वापरबदल. काही खोल्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत घालता आल्या तर देखभालीचा खर्च निघू शकतो.

पण आधी प्रॉपर्टी कार्ड बघा. वारसनोंद राहिली असेल तर प्रकरण तिथेच अडतं. मग पाचही जणांचं संमतीपत्र, मोजणीचे नकाशे, प्रत्येक भिंतीचे फोटो आणि स्ट्रक्चरल ऑडिट जोडून नगररचना विभागात अर्ज. बाहेरून रंग द्यायचा असला तरी लेखी परवानगी आधी घ्या.

ऑडिटमध्ये ‘धोकादायक’ एवढंच लिहून घेऊ नका. कोणता भाग, उपाय काय, हे स्पष्ट हवं. नाहीतर महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची (धोकादायक बांधकामाची) नोटीस येऊन वाडा उतरवण्याचीच भाषा सुरू होते.

भाडेकायदा
भाडेकरूचाही हक्क आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे लेखी नोटिशीनंतर वाजवी मुदतीत (किमान १५ दिवस) मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. जुन्या भाड्यात त्यातून चार कौलंही बदलत नाहीत, म्हणून दोघांनी आधीच लेखी ठरवलेलं बरं.

चुनाकाम
सिमेंट नकोच! मातीच्या भिंतीतली ओल त्यामागे कोंडते, भिंत आणखी फुगते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. आधी पन्हळ आणि कौलं दुरुस्त करा, भिंत सुकू द्या. मग मुरवलेला चुना १ भाग, चाळलेली वाळू ३ भाग, पातळ थरांत. प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवायचा. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नका.

खांब अख्खे बदलायची गरज नसते. तुळईखाली टेकू देऊन भार काढा, कुजका बुंधा कापा, जुन्याच जाडीचं सागवान सांधा मारून बसवा. तळखडा (खांबाखालचा दगड) मातीत बुडालेला असेल तर तो जमिनीच्या वर घ्या, नाहीतर नवं लाकूडही कुजेल.