मदत हवी आहे : कन्नड मातृभाषा असलेल्या होणाऱ्या पत्नीला प्रेमपत्र कोणत्या भाषेत आणि कसे लिहावे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात शहापूरला राहतो आणि उद्यमबागेतील एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करतो. कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे हवेचे छिद्र, कुठे आहे, माप किती कमी भरले, नग घ्यायचा की परत पाठवायचा, एवढेच लेखन माझ्या हातून रोज होते. गेला पंधरवडा मात्र मी एका पत्रापाशी अडकलो आहे.

माझे लग्न ठरले आहे. ती गोकाकची, मातृभाषा कन्नड, सध्या नोकरीसाठी बंगळूरला असते. दोन्ही घरांचा होकार मिळायला दोन वर्षे लागली, ती कथा येथे लांबवत नाही. साखरपुड्यापूर्वी तिने एकच गोष्ट मागितली आहे : माझ्या हातचे एक पत्र. मोबाइलवरचा मजकूर चालणार नाही, असे तिने बजावले आहे.

पहिली अडचण भाषेची. ती मराठी सफाईने बोलते, पण तिची देवनागरी शाळेत हिंदी होती तेवढ्यापुरती. छापील मजकूर ती सावकाश वाचते, हाताने लिहिलेल्या ओळीत मात्र अडखळते. मला कन्नड शाळेत विषय म्हणून होते. पाट्या वाचतो, अर्ज भरतो, ओत्तक्षरे (जोडाक्षरांत खाली लिहायची अक्षरे) हमखास चुकवतो, आणि मनातले काही लिहायला बसलो की कंडक्टरकडे सुटे पैसे मागण्यापुरतेच शब्द हाताशी उरतात.

दुसरी अडचण मजकुराची. इंटरनेटवरून घेतलेले ‘तुझ्या येण्याने माझ्या जीवनाला अर्थ प्राप्त झाला’ हे वाक्य मी सुबक अक्षरात उतरवले आणि मग लक्षात आले की ते कोणालाही बसेल. स्वतःच्या मनाने लिहिलेला दुसरा मसुदा तपासणी अहवालासारखा झाला : स्वभाव उत्तम, वागणूक उत्तम, तक्रार नाही. संबोधनाचेही तसेच. ‘प्रिय’ लिहिले की पुढे आपोआप ‘ग्राहक’ येईल असे वाटते. एरवी मी तिला नुसते ‘ए’ म्हणतो.

माझ्याजवळ एक वस्तू आहे. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात महिलांना सरकारी बसचा साधा प्रवास मोफत झाला. तेव्हा ती बेळगावातच कामाला होती आणि त्याच पावसाळ्यात आम्ही गोकाकचा धबधबा पाहायला गेलो होतो. बसमध्ये मला पैशांचे आणि तिला शून्य रुपयांचे तिकीट मिळाले. तिने आपले तिकीट माझ्या खिशात सरकवले आणि म्हणाली, “फुकटचे आहे, जपून ठेव.” ते मी अजून ठेवले आहे; अक्षरे पुसट होऊ लागली आहेत. एवढ्याशा गोष्टीवर पत्र उभे राहील का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निपाणी, निवृत्त शिक्षिका)

तुमच्या दोन्ही मसुद्यांपेक्षा तुमचा हा प्रश्नच चांगले पत्र आहे, दादा. तिकिटापासूनच सुरुवात करा. प्रेम, जीवन, अर्थ हे शब्द टाळा आणि तिने तिकीट खिशात ठेवले तेव्हा पाऊस होता की नव्हता, खिडकी कोणाकडे होती, धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावर आधी पाऊल कोणी टाकले, हे लिहा. संबोधन ‘ए’ असेच ठेवा. ते वाचताना तिला तुमचा आवाज ऐकू येईल. भाषा मराठीच असावी. अक्षरे मोठी आणि सुटी काढा, म्हणजे तिला वाचता येतील.

प्रतिसाद २ (खानापूर)

ताईंचे बाकी सर्व मान्य, परंतु लिपीबाबत मतभेद आहे. ती मराठी कानाने शिकली आणि डोळ्यांनी कन्नड वाचते, तेव्हा वाक्ये मराठी आणि लिपी कन्नड, असे का करू नये? माझी आजी असेच लिहीत असे. ‘ळ’ तिकडेही आहे. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’चे दोन उच्चार कन्नडमध्ये वेगळे दाखवता येणार नाहीत, पण ते आपण देवनागरीत तरी कुठे दाखवतो? उलट ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ तिकडे वेगळे आहेत, तेवढे सांभाळा. चुका मित्राकडून दुरुस्त करून घेऊ नका; तिसऱ्या माणसाने आधी वाचलेले पत्र उष्टे होते.

प्रतिसाद ३ (चिकोडी)

एक व्यावहारिक सूचना. बसच्या यंत्रातून निघणारे तिकीट थर्मल (उष्णतेने छपाई होणाऱ्या) कागदाचे असते आणि त्यावरची छपाई काळाबरोबर उडते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, उष्णतेने सगळा कागद काळा पडेल. त्याचा आजच फोटो काढून ठेवा. तिकीट पत्रासोबत पाठवणार असाल तर पाकीट घ्या. आंतर्देशीय पत्रात दुसरे काही घालण्यास परवानगी नसते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा मान राखूनही लिपी कन्नड घेतली आहे. पाऊस होता, खिडकी तिच्याकडे होती आणि पुलावर आधी तीच गेली, हे सगळे पहिल्या पानावर आले. तिकीट मात्र पाठवत नाही. ‘जपून ठेव’ असे तिनेच सांगितले आहे. त्यावर होते ते सगळे पत्रात उतरवले.

दुसऱ्या पानावर जे आले ते येथे देवनागरीत देतो, कारण ते ठेवावे की नाही याबद्दल काल रात्रीपर्यंत मी साशंक होतो (‘ऊटा आतेन?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ आणि ‘आत’ म्हणजे ‘झाले’) :

“ए, रोज रात्री फोनवर तू ‘ऊटा आतेन?’ विचारतेस आणि मी ‘आत’ म्हणतो. कितीतरी वेळा मी जेवलेलो नसतो. नाही म्हटले तर तू ‘आधी जेव’ म्हणून फोन ठेवशील, म्हणून खोटे बोलतो. आई ताट झाकून ठेवते. तिला हे पहिल्या महिन्यातच कळले होते.”

ठेवले आहे. ‘ऊटा’मधला ‘ऊ’ तीनदा गिरवावा लागला, तोही तसाच ठेवला. पाकीट सोमवारी सकाळी कामावर जाताना टपालात टाकतो.