आजी-आजोबांची लशीची नोंदणी: नंबर त्यांचा की आपला? (जानेवारी 2022 मधली चर्चा; नियम तेव्हाचे)

सुरंगी, फोंडा (24 जानेवारी 2022)

10 जानेवारीपासून साठीच्या पुढच्या, मधुमेह-रक्तदाबासारखा जुना आजार असलेल्या माणसांना कोरोना लशीचा तिसरा डोस सुरू झालाय. सरकार त्याला प्रिकॉशन डोस म्हणतं, लोक बूस्टर म्हणतात. आणि आरोग्य केंद्राच्या टेबलापाशी एकच घोळ पुन्हा पुन्हा होतो. आजी समोर उभी असते, आधार कार्ड हातात असतं, पण मागच्या वर्षी तिचं नाव कोणाच्या मोबाइलवर घातलं होतं ते तिला सांगता येत नाही. मार्च 2021 मध्ये जो हाताशी होता त्यानं घातलं. तो भाचा आता बोटीवर गेलेला, नाहीतर शेजारच्या त्या मुलाचा नंबरच बदललेला.

म्हणून माझं मत सरळ मांडते. कोविन म्हणजे सरकारचं लस-नोंदणीचं संकेतस्थळ; ज्येष्ठांचं तिथलं खातं त्यांच्या स्वतःच्या नंबरवर हवं. बटणांचा साधा फोन असला तरी चालतो, कारण ओटीपी एसएमएसनं येतो. संकेतस्थळ तुमच्या स्मार्टफोनवर उघडा, नंबर त्यांचा घाला, शेजारी बसून त्यांच्या फोनवरचा ओटीपी वाचा. संकेतस्थळ मराठीतही आहे, त्यामुळे काय भरतोय ते त्यांना दाखवता येतं.

नंबर इतका महत्त्वाचा का, तर तिसऱ्या डोससाठी नवी नोंदणी नसतेच. यंत्रणा जुन्या खात्यातली दुसऱ्या डोसची तारीख घेते आणि त्यावर 39 आठवडे मोजते. जुना नंबर सापडला नाही म्हणून कोणी घाईत नव्या नंबरवर, आधारऐवजी मतदार ओळखपत्र घालून नाव भरलं, की यंत्रणेच्या लेखी तो नवा माणूस. त्याला ती पहिला डोस देऊ करते, आणि एकाच आजोबांच्या नावावर दोन नोंदी होतात.

कुळागर, सांगे

तळमळ पटते, उपाय पटत नाही. ज्येष्ठांच्या नंबरवर खातं ठेवायचं तर तो नंबर जिवंत लागतो. प्रत्यक्षात काय होतं? रिचार्जची मुदत संपते, आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. आजोबांना फक्त दुपारी एक फोन येतो, त्यामुळे सिम बंद पडल्याचं आठवडाभर कळत नाही. बटणांच्या फोनचा इनबॉक्स कंपनीच्या जाहिरातींनी भरलेला असतो. नवा मेसेज आत शिरतच नाही, वर पाकिटाची खूण लुकलुकत राहते. ओटीपीची मुदत 180 सेकंद. तेवढ्यात जुने मेसेज पुसून, चष्मा शोधून, सहा आकडे वाचून होत नाहीत. नेत्रावळी, धारबांदोड्याकडच्या वाड्यांवर तर रेंजसाठी अंगणात यावं लागतं. मेसेज येतो तेव्हा ओटीपी मेलेला असतो, आणि दुसरा मागवला की पहिला कुठला, दुसरा कुठला हा गोंधळ वेगळाच.

याहून मोठी गोष्ट. नंबर आईचा आणि मुलगा पुण्यात असला की तो फोन करून म्हणणार, "आई, आलेला नंबर सांग." फोनवर ओटीपी सांगायची ही सवय आपणच त्यांना लावतो. बूस्टरची नोंदणी करून देतो असं सांगत भामटे हल्ली हेच विचारतात आणि बँकेतले पैसे जातात.

घरात कायम राहणाऱ्या एका जबाबदार माणसाच्या नंबरवर सगळ्यांची नावं असू देत. आतापर्यंत एका नंबरवर 4 माणसं बसायची, याच 21 तारखेपासून 6 बसतात. आजी, आजोबा, थोरली काकी, तिघंही एका खात्यात. कोणाचा डोस कधी हे एकाच पडद्यावर दिसतं.

सुरंगी, फोंडा

इनबॉक्स आणि रिचार्जचा मुद्दा खरा आहे. मग नोंदणीला बसण्याआधी दोन मिनिटं काढून मेसेज पुसावेत, त्या नंबरवर एक मेसेज पाठवून तो पोचतो का पाहावं. पण "घरात कायम राहणारा माणूस" गोव्यात किती घरांत आहे? मुलगा आखातात, सून नोकरीला, नात शिकायला बेळगावला. कोविनला भारतातला दहा आकडी नंबरच लागतो, परदेशातल्या नंबरवर ओटीपी जात नाही. आज जो कायम आहे तो सहा महिन्यांनी असेलच असं नाही. आजीचा नंबर मात्र आजीसोबत राहतो.

ओटीपीबद्दल तुमचं बरोबर. शेजारी बसलेल्या माणसानंच वाचायचा, फोनवरून कोणालाच नाही, पोटच्या मुलालाही नाही, असा कडक नियम घरात हवा.

अबोली, म्हापसा

तुम्ही दोघंही नोंदणीच्या पडद्यातून बाहेर पडतच नाही. मुळात स्लॉट, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घ्यायचाच कशाला? साठीच्या माणसांना केंद्रावर थेट जाता येतं. तिसऱ्या डोससाठी डॉक्टरचा दाखलाही लागत नाही, आपल्या डॉक्टरला विचारून घ्या एवढीच सूचना आहे. मागचं प्रमाणपत्र छापून न्यावं. त्यावर रेफरन्स आयडी (नोंदणीचा क्रमांक) असतो आणि पहिल्या नोंदणीला जे ओळखपत्र दिलं त्याचे शेवटचे आकडे असतात. तेच ओळखपत्र सोबत ठेवलं की टेबलावरची माणसं नोंद शोधू शकतात. आपण घरी बसून डोकं फोडतो आणि वयस्क माणसाला वाटू लागतं की लस म्हणजे कॉम्प्युटरची परीक्षा. ही भीती आपणच त्यांच्या मनात घालतो, याचं मला वाईट वाटतं.

पाटो, पणजी

अबोलीताई, थेट जाण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण लशीतच आहे. तिसरा डोस आधीच्याच लशीचा घ्यायचा असतो. पहिले दोन कोवॅक्सिनचे असतील तर तिसराही कोवॅक्सिनचाच. एखाद्या केंद्रावर त्या दिवशी फक्त कोविशील्ड असेल तर 78 वर्षांच्या माणसाला दोन बस बदलून परत यावं लागतं. दुसरं असं की कोविशील्डच्या कुपीत 10 डोस असतात आणि कुपी उघडल्यावर 4 तासांत संपवावी लागते. दिवस सरत आला आणि समोर दोनच माणसं असली की नवी कुपी फोडायला कर्मचारी कचरतात, उद्या या म्हणतात. त्यांचीही अडचण समजण्यासारखी आहे. पण ते "उद्या" वयस्कर माणसाला फार महाग पडतं.

स्लॉट शोधताना बहुतेक जण पिनकोडनं शोधतात, तिथंच फसतात. गोव्यात पिनकोडचे पट्टे लहान. 403505 घातलं तर साखळीपुरतंच दिसतं, डिचोलीचं 403504 पाच-सात किलोमीटरवर असूनही दिसत नाही. म्हणून जिल्ह्यानं शोधा आणि वरच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) लशीचं नाव व "मोफत" निवडा. फोंडेकरांनी दोन्ही जिल्हे उघडून पाहावेत. तालुका 2015 पासून दक्षिण गोव्यात गेलाय, पण अनेकांचा हात सवयीनं उत्तरेवरच जातो.

वेळ सकाळची पहिली घ्या. मधुमेहाच्या माणसाला नाश्ता आणि गोळी घेऊन जाता येतं, जेवणाच्या वेळेला परत येता येतं. दुपारी 1 नंतरचा स्लॉट टाळा. त्या वेळी गावाकडच्या बसगाड्या कमी होतात आणि लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं असतं ते वेगळं. वेळ ठरल्यावर चार आकडी सिक्युरिटी कोड मिळतो. लस द्यायच्या वेळी तो विचारतात, तोवर कोणाला सांगू नका. गेल्या मे महिन्यात हा कोड आला तो याचसाठी, की वेळ घेऊन न गेलेल्या माणसांनाही लस घेतल्याचे मेसेज जात होते. ठरल्या दिवशी जमत नसेल तर आदल्या दिवसापर्यंत वेळ बदलून घ्या, स्लॉट अडवून ठेवू नका.

अबोली, म्हापसा

लशीचा मुद्दा मान्य. पण त्याला स्लॉट लागत नाही, एक फोन पुरतो. केंद्रावर आदल्या दिवशी फोन करून "उद्या कोवॅक्सिन आहे का, किती वाजेपर्यंत देता" एवढं विचारावं. संकेतस्थळावरच्या आकड्यापेक्षा तिथल्या नर्सबाईचं उत्तर खरं निघतं.

कुळागर, सांगे

दोन्ही करा ना. ज्यांना पडदा जमतो त्यांनी पडदा, बाकीच्यांनी फोन.

मला वेगळीच काळजी आहे: तारखेचा हिशेब. एकाच घरात नवरा-बायकोची पाळी वेगवेगळ्या महिन्यांत येते आणि लोक दोघांना एकदमच घेऊन जातात. ज्यांनी 1 मार्च 2021 ला पहिला डोस घेतला त्यांना दुसरा 4 ते 6 आठवड्यांत मिळाला. त्यांची मुदत डिसेंबर-जानेवारीत भरलीसुद्धा. ज्यांचा दुसरा डोस राहून गेला ते कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवस ठेवायच्या मे महिन्यातल्या नियमात सापडले. उदाहरण घ्या. पहिला डोस 20 मार्चला, दुसरा 12 जूनला. 12 जूनवर 39 आठवडे म्हणजे 273 दिवस मोजले की 12 मार्च 2022 येते. त्याआधी यंत्रणा स्लॉटच देत नाही. आज, 24 तारखेला, ज्यांचा दुसरा डोस 26 एप्रिल 2021 किंवा त्याआधीचा आहे तेच पात्र आहेत. प्रमाणपत्रावरची दुसऱ्या डोसची तारीख पाहूनच घराबाहेर पडा.

शिवाय सध्या घराघरांत कोरोना होऊन गेलाय. बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, ही सूचना आता तिसऱ्या डोसलाही लागू आहे. यंत्रणेला आजार कळत नाही, ती स्लॉट देऊन मोकळी होते. तिथं माणसानंच लक्ष ठेवायचं.

अबोली, म्हापसा

एक गोष्ट या सगळ्या वादात राहून गेली, तिच्यासाठी कळकळीनं लिहिते. अंथरुणाला खिळलेली माणसं. त्यांच्यासाठी ना नंबर कामाचा, ना स्लॉट. घरी येऊन लस द्यायची मुभा सप्टेंबर 2021 पासून आहे, पण एका माणसासाठी 10 डोसांची कुपी उघडून पथक येणं कठीण. म्हणून आपल्या प्रभागातल्या पंचाला किंवा अंगणवाडीच्या बाईंना धरून वाड्यावरच्या अशा सगळ्यांची एकच यादी करा: नाव, वय, आधीची लस, दुसऱ्या डोसची तारीख, घराची खूण. आठ-दहा नावं झाली की ती आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांकडे द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर यादीत तेही लिहा. टोचल्यावर ती जागा न चोळता दोन-चार मिनिटं दाबून धरावी लागते.

सुरंगी, फोंडा

हे फार मोलाचं.

नावांबद्दल थोडं, कारण इथं आपल्या लोकांचं फार अडतं. वयस्क बायकांच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आडनाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या. नोंदणीच्या वेळी ओळखपत्रावर अक्षरन् अक्षर जे असेल तेच घाला, तुम्हाला बरोबर वाटतं ते नाही. जन्माचं फक्त वर्ष विचारतात, तेही कार्डावरचं. नाव, वर्ष, लिंग यांत चूक झाली असेल तर खात्यात "रेझ ॲन इश्यू" (अडचण कळवा) मध्ये जाऊन सुधारता येते, पण एकदाच. घाईत अर्धवट सुधारणा करून ती संधी घालवू नका. एकाच माणसाचे दोन "पहिले डोस" दिसत असतील तर ती दोन प्रमाणपत्रं जोडायची सोयही तिथंच आहे.

एका नंबरवरचं नाव दुसऱ्या नंबरवर हलवायची सोयसुद्धा तिथंच मिळते. मात्र त्याला जुन्या नंबरवरून लॉगिन करावं लागतं. भाचा बोटीवर जायच्या आधी हे झालं पाहिजे. गेल्यावर आठ महिने वाट बघावी लागेल.

कुळागर, सांगे

हलवण्याची सोय आहे म्हणूनच मी म्हणतो, घरात राहणाऱ्याच्या नंबरवर हलवा. बंद पडणाऱ्या सिमवर हलवून उपयोग नाही.

सुरंगी, फोंडा

आणि घरात राहणारं कोणी नसेल तिथं? आजीच्या सिमला रिचार्ज मारा, मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. नंबर कोणाचाही ठेवा, पण तो नंबर, रेफरन्स आयडी आणि कोणतं ओळखपत्र दिलं हे तिन्ही जाड अक्षरात एका कागदावर लिहून आजीच्या औषधांच्या पिशवीत ठेवा. रेफरन्स आयडीचे शेवटचे चार आकडे म्हणजे सीक्रेट कोड, म्हणून त्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटावर टाकू नका. केंद्रावर जाताना ब्लाउजची बाही सैल असू द्या, आणि ती पिशवी सोबत न्या.