मदत हवी आहे: जुन्या झोर्कीच्या लेन्सवरची खिट्टी काढून टाकू का?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, शहापुरात राहतो. आजोबांचा झोर्की हा जुना सोव्हिएत कॅमेरा बरीच वर्षं ट्रंकेत पडून होता. त्यावर इंडुस्टार-२२ आहे, ५० मिमी, एफ ३.५, आत ढकलून बसवता येणारी लेन्स. फोकसच्या दांडीवर एक बटण आहे, तीच ही खिट्टी. दांडी आडव्या ८ पाशी, म्हणजे अनंतावर (सगळ्यात लांबच्या अंतरावर) आली की ते टक्‌ करून खाचेत बसतं आणि दाबल्याशिवाय दांडी हलत नाही. लहानपणी आजोबा म्हणायचे, "आधी दाब की रे, मग फिरव."

आता ते बटण दाबलं की दबलेलंच राहतं, नखाने वर ओढावं लागतं. आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहेच, आतलं ग्रीस चिकटलं असणार. इथल्या एका कारागिराला दाखवलं तर म्हणाला, "घासून टाकतो, ह्याचं काही काम नाही." माझा हात धजला नाही.

शिवाय गच्चीवरून लांबचा राजहंसगड किल्ला पाहिला, तर बटण खाचेत असूनही रेंजफाइंडरमध्ये (दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवायच्या खिडकीत) गडाच्या दोन प्रतिमा जुळत नाहीत, थोडी फट राहते. पहिला रोल तर पूर्णच धूसर आला. हा दोष खिट्टीचा का? आणि ती मुळात असते कशासाठी?

प्रतिसाद

घासू देऊ नका! ही लेन्स ३९ मिमीच्या आट्यांवर बसते. लेन्स काढताना तुम्ही दांडीला किंवा पुढच्या कड्याला पिळता. खिट्टी नसेल तर आधी फोकसच फिरत राहतो. ती असली की पीळ थेट आट्यांवर जातो. लेन्सची नळी आत ढकलतानाही तेच. पण लेन्स काढणं एवढंच कारण असतं तर, झोर्की ज्या लायका कॅमेऱ्यांवर बेतलाय, त्यांतल्या १९२५ च्या लायकावर ती नसती, कारण त्याची लेन्स निघतच नव्हती. त्या कॅमेऱ्यात रेंजफाइंडरही नव्हता, तो कॅमेऱ्याला जोडून आला १९३२ मध्ये. अंतर अंदाजाने लावायचं, मग निदान एक जागा तरी बोटाला पक्की कळावी, हा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. पुढे अनेक लेन्सनी ती सोडली, झोर्कीवर बसणाऱ्या ज्युपिटर-८ लेन्सवर नाही. कीव्ह नावाच्या कॅमेऱ्यात ती लेन्सवर नसून कॅमेऱ्यावरच, फोकसच्या चाकाजवळ असते.

धूसर रोलसाठी आधी नळी तपासा. पूर्ण बाहेर ओढून उजवीकडे फिरवून घट्ट बसवली होती का? नवख्यांची निम्मी चूक तिथेच होते. राजहंसगडाची फट बहुधा कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरची. समोर खिडकीशेजारी छोट्या झाकण-स्क्रूच्या आड त्याचा स्क्रू असतो. पण तो शेवटी फिरवा, आधी नळी नीट लावून एक रोल काढून पाहा.

बटणासाठी लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचा एकच थेंब दातकोरणीच्या टोकावर घ्या, कडेला लावा, हलकेच दाबत राहा. गंज सोडवायचा स्प्रे मुळीच नको, त्याचं तेल पसरून डायफ्रामच्या (लेन्समधलं प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या भागाच्या) पात्यांवर जातं.

धागाकर्ता

खूप आभार. नळीच अर्धवट होती! मी फक्त ओढायचो, फिरवायचो नाही. तीन दिवस थेंब-थेंब लावल्यावर बटण आपोआप वर आलं, तो टक्‌ आवाज ऐकून आईही बाहेर आली. रविवारी उघडीप मिळाली तर गडावरच जातो. रेंजफाइंडरची फट मात्र तशीच आहे. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात असे कॅमेरे निगुतीने उघडणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.