सकाळी आठची लॉबी

(नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी: सफाईच्या ताई आज लिफ्टसमोर घसरल्या. मनगटाला फ्रॅक्चर आहे, प्लास्टर घातलंय. कृपया सर्वांनी जपून चालावे 🙏

बी-३०४: अरेरे. किती वेळा सांगितलं त्यांना, झिजलेल्या स्लिपरवर काम करू नका म्हणून.

ए-१०२: स्लिपरला कशाला बोल लावता? परवा भाजीची पिशवी घेऊन मीच आडवी झाले असते. लॉबीत गोदेच्या पुरासारखा दुतोंड्या मारुती बुडायचाच बाकी होता 😄

सी-२०१: अंबडला आमच्या मशीन शॉपमध्ये कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी) सांडतं, त्यामुळे हा विषय रोजचाच. मघाशी ताईंच्या बादलीत हात घालून बघितला. पाणी बोटांना बुळबुळीत लागलं. पावडर मुठीने पडते. साबण जास्त झाला की नुसत्या पोछ्याने निघत नाही, पातळ थर मागे राहतो. फरशी कोरडी दिसते, पण कोणी ओल्या चपलांनी आलं की तोच थर पुन्हा सुटतो. त्यात आपला ग्रॅनाइट पॉलिशचा. पावडर झाकणाने मोजा, दुसरी बादली साध्या पाण्याची ठेवा. आणि लॉबी अर्धी पुसायची, ती वाळली की उरलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोरडी पट्टी मिळते.

बी-३०४: पिवळा बोर्ड लावलेला असतो की.

सी-२०१: दादा, तो गेल्या गणपतीपासून तिथेच उभा आहे. आत्ता त्यावर तुमची छत्री वाळतेय 😀 कायम उभ्या बोर्डाकडे कोण बघतं?

डी-४०३: दारात गोणपाट टाकू का?

ए-१०२: नको गं, भिजलं की तेच सरकतं.

सी-२०१: काकू बरोबर. खाली रबर असलेलं पायपुसणं घ्या, दोन-चार पावलं पडतील एवढं लांब.

सेक्रेटरी: धुण्याची वेळ बदलू? आठला शाळेच्या व्हॅन असतात.

सी-२०१: अकरा करा. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३२ होतं: फरशी, जिने, वाटा यांवर पाय घसरेल असं काही राहू देऊ नका. कामगाराच्या चपलेबद्दल त्यात अक्षर नाही. सोसायटीला तो कायदा लागू नाही, मान्य. पण आपण लॉबीतून दहा सेकंदांत जातो, ताई तासभर त्या ओल्यात उभ्या असतात. ग्रिपचे बूट सोसायटीने घेऊन द्यावेत.

ए-१०२: आणि प्लास्टर निघेपर्यंतचा पगार?

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये घेऊ.

ए-१०२: मीटिंग कसली? हो म्हणा.

सेक्रेटरी: हो काकू. पूर्ण पगार.

बी-३०४: छत्री काढली.