त्याच प्रश्नाला पुन्हा पुन्हा उत्तर देताना

सांजवात, फोंडा: सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाल्यापासून त्या सकाळभर "पोदेर (पाववाला) येऊन गेला गो?" एवढेच विचारत राहतात आणि टोपलीत उंडे (गोल पाव) समोर दिसत असूनही त्यांचे समाधान होत नसल्याने शेवटी माझा आवाज चढतो. परिस्थिती स्वीकारा, असे सगळेच सांगतात. परंतु स्वीकारायचे म्हणजे नेमके करायचे काय?

मांडवीकाठ: या आजारात जुन्या आठवणी बराच काळ टिकतात, नव्या मात्र साठत नाहीत, म्हणून त्यांच्या लेखी प्रत्येक प्रश्न पहिलाच असतो. "आत्ताच सांगितले ना" असे म्हणण्याऐवजी उंडा त्यांच्या हातात द्यावा.

कुळागर: कृतज्ञतेची वही लिहून पाहा. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या अभ्यासात, आठवड्याला चांगल्या गोष्टी नोंदवणाऱ्यांना कटकटी नोंदवणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल अधिक बरे वाटल्याचे आढळले. अर्थात, त्यातील पहिल्या प्रयोगातले सहभागी महाविद्यालयीन विद्यार्थी होते, रात्री-अपरात्री उठणाऱ्या सुना नव्हत्या!

दिवाडकरीण: वही जमेल तेव्हा लिहा, पण धीर धरण्याचा मक्ता एकट्या सुनेकडेच का? तुमच्या यजमानांनी आणि नणंदांनी वेळ वाटून घ्यायला हवा. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना सासूबाईंना जवळ बसवा. सुपारीचे घोस, तोरिंजन, नारळ त्यांच्यापुढे ठेवले, तर नावे आठवली नाहीत तरी वर्षानुवर्षे बांधलेली गाठ बोटांना बहुधा आठवेल, आणि तेवढा वेळ पोदेराची चौकशीही कदाचित थांबेल.